आडवाटेची ठिकाणं बघायला निघालात? या चुका टाळा

"तिथं बघण्यासारखं काही नाही हो." तेर, पितळखोरा, नान्नज, औंध, कशेळीचा सडा या सगळ्यांबद्दल हे वाक्य मी ऐकलेलं आहे. बोलणारा माणूस बहुतेक वेळा नको त्या वेळी, घाईघाईत आणि आधी एक अक्षरही न वाचता तिथं जाऊन आलेला असतो. अजिंठा-वेरूळला तसं जाऊन भागतं. तिथं पाट्या आहेत, गाईड आहेत, मागं-पुढं माणसं आहेत. आडवाटेच्या ठिकाणी ही सगळी तयारी आपली आपण करायची असते. ती न करता ठिकाणाला नावं ठेवली जातात, याचा मला मनापासून राग येतो.

भर दुपारी कातळशिल्पं बघणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली आणि रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारांवर, गाड्या वाढल्या. ही शिल्पं म्हणजे जांभ्यात कोरलेल्या उथळ खाचा. ऊन तिरपं असलं की खाचेत सावली पडते आणि आकृती दिसते. सूर्य डोक्यावर आला की सावली संपते, आणि समोर उरतो नुसता तापलेला काळपट कातळ.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये कशेळीच्या सड्यावर एक कुटुंब भेटलं. वेळ दुपारी साडेबाराची. त्यातल्या काकांनी विचारलं, "अहो, तो हत्ती कुठाय?" ते हत्तीच्या पोटावर उभे होते. हा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात मासे, पक्षी, जनावरं कोरलेली आहेत. जवळ उभं राहून तो एका नजरेत मावतच नाही. मी त्यांना सोंडेच्या बाजूला नेऊन रेषा दाखवायला लागलो, तेवढ्यात मुलानं बाटलीतलं पाणी खाचेत ओतलं. ते लगेच सुकलं. मग त्यानं एक पांढरा दगड उचलून रेष गिरवायला घेतली, फोटोत उठून दिसावी म्हणून. माझ्यासोबतचे गाववाले शांतपणे म्हणाले, "दादा, दगड खाली ठेवा. पाच वाजता या, मी दाखवतो." पण त्या कुटुंबाला त्याच दिवशी पावस आणि गणपतीपुळेही उरकायचं होतं. निघून गेले.

हजारो वर्षं टिकलेली रेष एका फोटोसाठी गिरवायची? खडू, रांगोळी, दगड, काही म्हणजे काही लावू नका. सकाळी साडेआठच्या आत किंवा दुपारी साडेचारनंतर जा. चपला-बूट बाहेर काढा. माझी सवय अशी की आधी आकृतीच्या बाहेरून पूर्ण फेरी मारायची, मग एकच टोक धरून नजरेनं रेषेमागं जायचं. अंधारून आलं की विजेरी जमिनीलगत आडवी धरतो; दुपारी न दिसलेला माशाचा कल्लासुद्धा त्या उजेडात उमटतो. आणि गावातल्या माणसाला सोबत घेतलंत तर त्याचे पैसे न मागता, नीट द्या.

तेर 'जाता जाता' बघणं

तुळजापूरच्या दर्शनाला निघालेले लोक धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला वीस मिनिटं देतात. संग्रहालयात शिरतात, "मातीच्या बाहुल्या आहेत" म्हणतात आणि बाहेर पडतात.

अहो, हे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी वर्णनात या पेठेचं नाव आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू जपल्या, म्हणून आज हे संग्रहालय आहे. इथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची जवळची नातलग, म्हणजे तिच्यासारखीच एक मूर्ती, इटलीत, पॉम्पेईच्या राखेखाली १९३८ साली सापडली. एवढं वाचून गेलात तर त्या छोट्या मूर्तीसमोरून पाय निघणार नाही. तिथून चालत त्रिविक्रम मंदिराकडे जा आणि मुद्दाम मागच्या बाजूला जा. भिंत गोल वळलेली दिसेल. तो मूळचा चैत्य, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, असं अभ्यासक मानतात. समोरून हात जोडून परतणाऱ्याला हे कळतच नाही.

तेरला निदान अर्धा दिवस द्या. संत गोरोबाकाकांचं मंदिरही इथंच आहे. एका दिवसात पाच ठिकाणं बसवणाऱ्यांचं वेळापत्रक मला मान्यच नाही. दिवसाला दोन ठिकाणं पुष्कळ झाली.

फोन न करता निघणं

लहान संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, कुठं जेवणाच्या सुट्टीत कुलूप असतं, सणाची सुट्टी वेगळीच. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या डोंगरावर चढून श्री भवानी संग्रहालयाचं बंद दार बघून परतलेले लोक मला माहीत आहेत. आत राजा रवि वर्म्यांची चित्रं आणि हेन्री मूर यांचं शिल्प आहे. आदल्या दिवशी फोन करा. इंटरनेटवरच्या वेळेवर विसंबू नका.

नको त्या हंगामात नको ती अपेक्षा

नळदुर्ग किल्ल्यातले नर-मादी धबधबे बोरी नदी भरली तरच कोसळतात. मे महिन्यात जाऊन पहारेकऱ्याशी वाद घालू नका. लोणारच्या विवरातल्या तळ्याचं पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं ते खारटपणा वाढून त्यातले सूक्ष्मजीव फोफावल्यामुळं. ते दर वर्षी दिसेल असं नाही. त्यापेक्षा गावातलं दैत्यसूदन मंदिर बघा. विवराच्या काठावर सेल्फी काढून परतणारे ते हमखास चुकवतात. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, उजाडताना पोचा. अकराला पोचून "पक्षी कुठं गेले" विचारण्यात अर्थ नाही.

माळरानावर गाडी घालणं

सोलापूरजवळच्या नान्नजला लोक फक्त माळढोक पक्षी मागतात. तो आता दिसणं जवळजवळ अशक्य आहे. पण काळवीट आहेत, नशिबानं लांडगा दिसतो, खोकड दिसतं. लोकांना मात्र तो ओसाड माळ वाटतो, आणि ओसाड आहे म्हणून ते काळविटाच्या फोटोसाठी गाडी थेट गवतात घालतात. टिटवी, चंडोल, धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात. अंड्यांचा रंग माती-खड्यांसारखाच, त्यामुळं चाकाखाली आली तरी चालवणाऱ्याला कळत नाही. ठरलेली वाट सोडू नका. गाडी बंद करून अर्धा तास थांबा, जनावर आपल्या पायानं जवळ येतं. हे करून बघितलेलं आहे आणि ज्यांना अर्धा तास निघत नाही त्यांनी माळावर येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पितळखोऱ्याला रिकाम्या हातानं जाणं

कन्नडजवळची ही लेणी गौताळा अभयारण्यात, खोल घळीत आहेत. पाणी आणि डबा घरूनच घ्या. जोराच्या पावसात ओढ्याला लोंढा येतो, तेव्हा उतरू नका. लेण्यांत आणि किल्ल्यांवर आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर, सेंट लावू नका, सिगारेट नको, चूल नको, स्पीकर नको. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. तोंड झाकून तिथून लगेच लांब जा.