लॅपटॉपची स्क्रीन अचानक काळी पडली तर

पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण स्क्रीन काळी? आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र आणणारं सॉफ्टवेअर) रीसेट होतो. नाही जमलं तर अंधारात मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) गेलाय. नाहीतर एचडीएमआयने टीव्हीला जोडा. तिथं चित्र आलं तर दोष पॅनेलचा किंवा बिजागरीतल्या केबलचा. झाकण हलवताना लुकलुकत असेल तर बहुधा केबलच. टीव्हीही काळाच? चार्जर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. तरीही काळीच? कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात रॅमच्या (मेमरीच्या पट्टीच्या) कॉन्टॅक्टवर थर बसतो. बॅटरी सोडवून ते कॉन्टॅक्ट खोडरबराने हलके पुसा. आणि हो, कीबोर्डजवळ चुंबकवालं मोबाइल कव्हर नको, झाकण मिटलं समजून लॅपटॉप झोपी जातो!