हवा कुणाची, हवामान कुणाचं: मतचाचणीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एप्रिल २०१४. बार्शी तालुक्यातलं एक गाव, दुपारचे अडीच. ओट्यावर बसलेल्या आजोबांना मी फॉर्मवरचा प्रश्न वाचून दाखवला: "हवामान बदलाविषयी तुम्ही काही ऐकलं आहे का?" आजोबांनी तंबाखू मळता मळता मान डोलावली. "बदलली की! यंदा गावात दुसरीच हवा हाय, पोरी."

मी खुशीत "हो, ऐकलं आहे" ला गोल केला. पुढच्या दोन प्रश्नांत लक्षात आलं, की आजोबा लोकसभेबद्दल बोलत होते. हवा म्हणजे निवडणुकीची हवा. आणि त्यांच्या पाठीमागे, वीस-पंचवीस पावलांवर, मार्चमधल्या गारपिटीने झोपवलेली त्यांची द्राक्षबाग तशीच पडून होती. तिच्याबद्दल माझ्या फॉर्मात एकही प्रश्न नव्हता.

तेव्हा मी सोलापुरात राज्यशास्त्रात एम.ए. करत होते. नोटिस बोर्डावर "सर्वेक्षणासाठी विद्यार्थी हवेत" असा कागद दिसला, मैत्रीण म्हणाली जाऊ, म्हणून गेले. तेव्हापासून हेच करते आहे. आधी दारोदार फिरले, मग सुपरवायझर झाले, आता प्रश्नावलीचं मराठी आणि फील्डची तपासणी बघते. दर निवडणुकीच्या तोंडावर चार-पाच जण विचारतात, "ताई, या कामात यायचंय, काय करू?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहिते.

पहिलं म्हणजे मतदारयादी वाचायला शिका. बऱ्या दर्जाच्या कामात "दिसेल त्याला विचारा" चालत नाही. मतदान केंद्राच्या यादीत समजा ११४४ नावं आहेत आणि तुम्हाला २६ जण हवेत. भागाकार ४४. एक ते ४४ मधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा, समजा १७ निघाला. मग १७, ६१, १०५ असं चव्वेचाळीसच्या टप्प्याने पुढे जायचं. यादीतला १०५ क्रमांकाचा माणूस पुण्यात वॉचमन असतो, १४९ वाली बाई ऊसतोडीला गेलेली असते, १९३ वारलेले असतात. इथे नवीन मुलं घसरतात. पारावर पाच माणसं रिकामीच बसलेली असतात, बोलायलाही उत्सुक असतात, मग त्यांचेच फॉर्म भरून मोकळे. पण पारावर बसतात ते पुरुष, बहुतेक वयस्कर, आणि गावच्या राजकारणात मुरलेले. त्यांच्याकडून कळतं ते पाराचं मत, गावाचं नाही. शेवटी बदली माणूस घ्यावाच लागला, तर तो नियमाने घ्यायचा आणि तसं नोंदवायचं.

बायकांचे फॉर्म सगळ्यात अवघड. दारात नवरा उभा राहतो आणि म्हणतो, "तिला काय कळतंय, मला विचारा." मी पाणी मागते. पाणी आणायला ती आत गेली की मीही "स्वयंपाकघर बघू का?" म्हणत मागोमाग जाते. दहापैकी सात वेळा जमतं.

आता माझी चूक सांगते. या कामातलं मला सगळ्यात जास्त तिनेच शिकवलं.

आजोबांच्या प्रसंगानंतर मी शहाणपणा केला. "हवामान बदल" म्हटलं की लोकांना टीव्हीवरचा उद्याचा अंदाज आठवायचा. एक बाई म्हणाल्या, "हवापालटाला जातात ते का?" मग मी माझ्या पदरचं वाक्य जोडायला लागले: "म्हणजे बघा, आता अवकाळी येतो, गारपीट होते, पाऊस वेळेवर येत नाही, ते." लगेच चेहरे खुलायचे, हो हो म्हणायचे. फॉर्म पटापट भरले. चार दिवसांनी आमचे फॉर्म तपासणाऱ्या सरांनी बोलावलं. माझ्या तीन गावांत जवळजवळ सगळ्यांनी हवामान बदलाबद्दल ऐकलेलं होतं आणि शेजारच्या मुलाच्या तीन गावांत निम्म्यांनीही नाही. सर ओरडले नाहीत. "तू लोकांना विचारलंस की शिकवलंस?" एवढंच म्हणाले आणि माझे सगळे फॉर्म बाजूला काढले. त्या फॉर्मांचे पैसे मिळाले नाहीत, ते वेगळंच.

पुढे कळलं, की मी चोरून केलं ते उघडपणे करणारेही आहेत आणि ते बरोबर करतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा हवामान संवादावर काम करणारा गट भारतात सर्वेक्षण करतो. त्यांच्या २०२२ च्या पाहणीत जागतिक तापमानवाढीबद्दल "बरंच" किंवा "थोडंफार" माहीत असल्याचं ५४ टक्के लोकांनी सांगितलं. मग सगळ्यांना तापमानवाढ म्हणजे काय ते थोडक्यात वाचून दाखवलं आणि ती होते आहे असं वाटतं का, हे विचारलं. ८४ टक्के हो म्हणाले. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि अहवालात दोन्ही वेगळेच मांडलेले असतात. स्पष्टीकरण द्यायचंच असेल तर ते छापील असावं, प्रत्येकाला तेच द्यावं आणि प्रत्येक मुलाने त्याच शब्दांत वाचावं. मी ते माझ्या मर्जीने, माझ्या तीनच गावांत दिलं होतं.

शब्दाचा खेळ आपल्याकडेच चालतो असंही नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निम्म्या लोकांना "जागतिक तापमानवाढ" होते आहे का असं विचारलं आणि निम्म्यांना "हवामान बदल" होतो आहे का असं. रिपब्लिकन मतदारांत पहिल्या शब्दाला ४४ टक्के हो म्हणाले, दुसऱ्याला ६०. डेमोक्रॅट मतदारांत दोन्हींना जवळपास सारखेच, ८६-८७ टक्के. तिथे त्या एका शब्दालाच पक्षाचा रंग चढला होता.

आपल्याकडे या विषयाला अजून तसा रंग चढलेला नाही. पण प्रश्नात नेत्याचं नाव आलं, की चढतो. "सरकारने गारपीटग्रस्तांसाठी केलेलं काम कसं वाटतं?" आणि त्याच जागी सरकारऐवजी मुख्यमंत्र्यांचं नाव घातलेला प्रश्न, हे मुळीच एक नाहीत. दुसऱ्याचं उत्तर लोक गारपीट आठवून देत नाहीत, नेत्याचा चेहरा आठवून देतात. क्रमाचंही तेच. आधी दुष्काळ, पूर, पीकविमा यांचे सहा प्रश्न विचारले आणि सातवा "नेता म्हणून कोण पसंत?" असा आला, की माणूस रागावलेल्या मनाने उत्तर देतो. प्रश्नावली हातात आली की मी आधी क्रम बघते. तो मुद्दाम लावलेला वाटला तर काम घेत नाही. दोनदा नाकारलं आहे. दोन्ही वेळा मागे कोणीतरी इच्छुक उमेदवार होता.

चिन्हांचं सांगायलाच हवं, कारण २०२४ ला आमची खरी दमछाक तिथे झाली. "मत कुणाला?" "शिवसेनेला." कुठल्या? धनुष्यबाण की मशाल? "राष्ट्रवादीला." घड्याळ की तुतारी? पूर्वी पक्षाचं नाव ऐकून कोड टाकता यायचा, आता चिन्ह विचारल्याशिवाय पेन उचलायचं नाही. शिवाय तुतारीशी गल्लत होणारी पिपाणी! सातारा लोकसभेत विजयाचं अंतर सुमारे ३२ हजार होतं आणि पिपाणी चिन्हावरच्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. मतदान यंत्रासमोर जो गोंधळ होतो तो आमच्या फॉर्मातही होणारच. म्हणून नकली मतपत्रिका आणि पेटी बरी. माणूस कागद घेतो, पाठ फिरवतो, खूण करतो, घडी घालून टाकतो. तोंडाने "सांगता येत नाही" म्हणणारे बरेच जण कागदावर सांगून टाकतात.

एक नवी अडचण अलीकडची. २०२४ च्या मध्यात लाडकी बहीण आली, पुढच्या वर्षी ई-केवायसी सुरू झालं, आणि तेव्हापासून हातात टॅब घेऊन आलेली मुलगी म्हणजे नाव कापायला आलेली मुलगी. दार उघडताच "नाव कमी नाही ना होणार?" अशा वेळी नेत्यांच्या कामाला मिळणारे गुण खरे धरू नका, भीतीने दिलेले असतात ते. आम्ही आता ओळखपत्र गळ्यात घालून पहिलंच वाक्य म्हणतो, "मी सरकारची नाही, कुठल्या पक्षाची नाही, तुमच्या पैशाशी माझा संबंध नाही." ते म्हणून झाल्यावर दोन मिनिटं गप्पा, मग प्रश्न.

मी ज्यासाठी लिहायला बसले तो मुद्दा आता. लोक विचारतात, हवामान हा निवडणुकीचा मुद्दा आहे का? २०२४ च्या लोकसभेआधी दिल्लीच्या लोकनीती-सीएसडीएस या अभ्याससंस्थेने केलेल्या पाहणीत सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा म्हणून २७ टक्के लोकांनी बेरोजगारी सांगितली, २३ टक्क्यांनी महागाई. हवामान पहिल्या काही मुद्द्यांत कुठेच नाही. यावरून "लोकांना पडलेली नाही" असा निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही. पण मी कोडिंगला, म्हणजे आलेली उत्तरं ठरलेल्या डब्यांत टाकायच्या कामालाही बसलेली आहे. खुल्या प्रश्नाला बाई सांगते, "विहिरीला पाणी न्हाय." कार्यालयातला मुलगा ते "मूलभूत सुविधा" मध्ये टाकतो. "विम्याचं पैसं आलं न्हाईत" जातं "शेती" मध्ये. "कांदा भिजला, भाव गेला" जातं "महागाई व बाजारभाव" मध्ये. यातलं सगळंच हवामानाचं आहे असं मी म्हणत नाही, विहीर आटण्यामागे ऊसही असतो. पण जे काही हवामानाचं होतं ते अशा तीन डब्यांत विखुरलं आणि 'हवामान' नावाच्या चौथ्या डब्यावर शून्य लिहिलं गेलं.

आणि नेत्यांशी त्याचा धागा जुळतो तो वेगळ्याच जागी. पावसासाठी कोणी आमदाराला दोष देत नाही. पंचनाम्याला तलाठी आला का, कधी आला, बांधावर उतरला की गाडीतूनच बघून गेला, यावर मात्र आमदाराचे गुण ठरतात. तुम्ही कधी प्रश्नावली लिहाल तेव्हा हे लक्षात ठेवा. "हवामान बदलावर सरकारचं धोरण" विचाराल तर फॉर्मभर "माहीत नाही" येईल. "मागच्या नुकसानीचा पंचनामा झाला का?" विचारलंत तर चहा येईल.

"माहीत नाही" वरून आठवलं. तो कोड नापास झाल्याची खूण नाही. टपरीवर बसून स्वतःच भरलेले फॉर्म आम्ही नेमके यावरूनच पकडतो, त्यांत "माहीत नाही" जवळजवळ नसतं. खोटं भरणाऱ्याला सगळ्याच गोष्टींवर मत असतं! बाकी वेळेची नोंद, लोकेशन, उलटतपासणीचे फोन आहेतच.

आकड्यांचं थोडक्यात: नीट निवडलेल्या हजार माणसांमागे साधारण तीन टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं, मग ते महाराष्ट्राचे असोत की देशाचे. त्यामुळे एका नेत्याला ४१ आणि दुसऱ्याला ३८ असेल तर "आघाडी" म्हणू नका. त्याच हजारांतले तुमच्या जिल्ह्याचे शंभर काढून बोलायला गेलात तर तीनाचे दहा होतात. आणि निवड चुकली असेल तर संख्या कितीही वाढवा, उपयोग नाही. १९३६ साली अमेरिकेत एका साप्ताहिकाने वीस लाखांवर मतं गोळा करून रूझवेल्ट हरणार असं छापलं होतं. ते दणक्यात जिंकले.

शिक्षणाचं विचाराल तर संख्याशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र काहीही चालतं. देवनारची लोकसंख्या संस्था, पुण्याची गोखले संस्था, टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) ही नावं ऐकली असतीलच. एक्सेल पक्कं करा, मग 'आर' हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिका, ते फुकट आहे. पैसे बहुतेक ठिकाणी फॉर्ममागे मिळतात. दर, प्रवासखर्च, आणि फॉर्म बाद झाला तर काय, हे निघण्याआधी लेखी घ्या. सुरुवातीच्या एका कामाचे माझे पैसे सात महिन्यांनी आले. मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोलचे आकडे प्रसिद्ध करायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा मित्रांच्या ग्रुपवरही टाकू नका. हौसेने टाकतात मुलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला. त्यानंतर काही आठवड्यांनी आमची एक टीम परंड्याकडे होती. नव्या मुलीचा फोन आला.

"ताई, अडले. 'हवामान बदल कशामुळे होतो' या प्रश्नाला आजी म्हणतात, 'आमच्याच पापानं.' एक नंबर 'माणसाच्या कृतींमुळे' आहे, दोन नंबर 'निसर्गतःच'. पाप एकमध्ये टाकू?"

मी क्षणभर विचार केला. "नको. 'इतर' कर. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिही."

"टॅबमध्ये पन्नासच अक्षरं मावतात."

"मावतील तेवढी लिही. बाकीची वहीत लिहून ठेव."

मागून आजींचा आवाज आला, "काय म्हंते तुझी मॅडम? पंचनाम्याला कवा येणार?"