ग्रीक शब्दांतून देव समजून घेताना या चुका टाळा

नव्या करारातला एखादा ग्रीक शब्द नीट उलगडला की रोज वाचलेले वचनही नव्याने कळते. तोच शब्द घाईने उलगडला, तर जे वचनात नाही ते देवाच्या नावावर सांगितले जाते. समोर बसलेल्यांना ग्रीक येत नसते, त्यामुळे चूक पकडणारेही कोणी नसते. पाळक, संडे स्कूलचे शिक्षक आणि घरगुती बायबल अभ्यास घेणारे यांच्याकडून वारंवार होणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय इथे दिले आहेत.

अगापे म्हणजे दैवी प्रेम, फिलेओ म्हणजे माणसाचे

सर्वांत जास्त पसरलेली चूक हीच आहे. अगापे हे निःस्वार्थ, फक्त देवाचे प्रेम आणि फिलेओ हे मैत्रीचे, खालच्या पायरीचे, असे उपदेशांत सर्रास सांगतात. वचने तपासली की ही विभागणी टिकत नाही.

जुन्या कराराच्या सेप्टुआजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात २ शमुवेल १३:१५ उघडा. अम्नोनाने तामारेवर बलात्कार केला; त्याआधी त्याला तिच्याविषयी जे वाटत होते त्यासाठी तिथे अगापेच वापरला आहे. पौलाला सोडून गेलेल्या देमासाला ‘ऐहिक सुख’ प्रिय वाटले (२ तीमथ्य ४:१०), तिथेही अगापाओ, म्हणजे अगापेचेच क्रियापद आहे. माणसांनी प्रकाशापेक्षा अंधाराची आवड धरली (योहान ३:१९), तिथेही तेच. उलट बाजूही पाहा. पिता पुत्रावर प्रीती करतो हे सांगताना योहान ३:३५ मध्ये अगापाओ आणि ५:२० मध्ये फिलेओ वापरतो. ‘पिता स्वतः तुमच्यावर प्रीती करतो’ (१६:२७) इथे फिलेओ आहे. फिलेओ कमी प्रतीचे मानले, तर पित्याचे आपल्यावरचे प्रेमच कमी प्रतीचे ठरते.

मग योहान २१:१५–१७ चे काय? येशू दोनदा अगापाओने विचारतो, तिसऱ्यांदा फिलेओने. पेत्र तिन्ही वेळा फिलेओने उत्तर देतो. पण त्याच तीन ओव्यांत ‘चार’ आणि ‘पाळ’ यांसाठी दोन क्रियापदे आहेत, कोकरे आणि मेंढरे यांसाठी वेगळे शब्द आहेत, ‘जाणणे’ यालाही दोन शब्द आहेत. योहान शब्द आलटून पालटून वापरतो. पेत्र दुःखी झाला तो येशूने तिसऱ्यांदा विचारले म्हणून, हे सतरावी ओवी स्वतःच सांगते.

मग देवाच्या प्रेमाची खोली कळते कुठून? वाक्यातून. १ योहान ४:१० प्रीतीची व्याख्या करते: आपण देवावर प्रीती केली असे नव्हे, तर त्याने आपल्यावर केली आणि आपल्या पापांच्या प्रायश्चित्तासाठी पुत्राला पाठवले. तो अर्थ या वाक्याने अगापेमध्ये भरला आहे. शब्दात तो आधीपासून नव्हता. योहान ३:१६ मध्येही लक्ष द्यायचे ते ‘हूतोस’ या छोट्या शब्दाकडे. मराठीत तिथे ‘एवढी’ आहे. योहान मात्र हा शब्द सहसा रीत दाखवायला वापरतो, म्हणजे ‘अशा रीतीने’. दोनच ओव्या आधी, जसा मोशेने सर्प उंच केला तसे मनुष्याच्या पुत्राला उंच केले पाहिजे, या वाक्यातला ‘तसे’ म्हणजे हाच हूतोस. देवाचे प्रेम किती, यापेक्षा ते कसे प्रकट झाले, हे इथे ठळक होते.

शब्द फोडून अर्थ काढणे

एक्लेसिया म्हणजे ‘एक’ (बाहेर) अधिक ‘कालेओ’ (बोलावणे), म्हणून मंडळी म्हणजे जगातून बाहेर बोलावलेले लोक. ऐकायला छान वाटते. पण इफिसात देमेत्रिय सोनाराने पेटवलेला जो जमाव दोन तास अर्तमी देवीच्या नावाने ओरडत होता, त्यालाही प्रेषितांची कृत्ये १९:३२ आणि ४१ मध्ये एक्लेसियाच म्हटले आहे. पहिल्या शतकात या शब्दाचा साधा अर्थ सभा असा होता. त्यात वजन येते ते सेप्टुआजिंटमधून. सीनाय पर्वतापाशी परमेश्वरासमोर जमलेल्या इस्राएलाच्या सभेसाठी अनुवाद ४:१० सारख्या ठिकाणी हाच शब्द आहे. मंडळी म्हणजे देवासमोर जमलेली सभा, हा अर्थ फोडाफोडीपेक्षा खूप भक्कम आहे.

योहान ३:१६ मध्ये देवाच्या पुत्रासाठी आलेल्या मोनोगेनेसचेही तसेच. ‘एकच जन्मलेला’ असा अर्थ लावून पुत्राला कधीतरी आरंभ झाला, असे काही जण सुचवतात. इब्री ११:१७ इसहाकाला मोनोगेनेस म्हणते, आणि अब्राहामाला तेव्हा इश्माएलही होता. इसहाक अद्वितीय होता, त्याच्यासारखा दुसरा कोणी नव्हता. मराठीतले ‘एकुलता एक’ हा आशय चांगला पकडते.

आजचा अर्थ तेव्हाच्या शब्दावर लादणे

दुनामिस म्हणजे सामर्थ्य. त्यावरून ‘सुवार्ता म्हणजे देवाचा डायनामाइट’ असे सांगितले जाते. आल्फ्रेड नोबेलने हे नाव १८६७ मध्ये दिले. पौलाने रोमकरांस १:१६ लिहिले ते त्याच्या अठराशे वर्षे आधी. शिवाय स्फोटाचे चित्र पौलाच्या विचाराच्या उलट आहे. त्याच्या लेखी देवाचे दुनामिस वधस्तंभाच्या संदेशात आहे (१ करिंथ १:१८) आणि ते अशक्तपणात पूर्णतेस येते (२ करिंथ १२:९).

व्याकरणावर नको तेवढा भार

‘इथे अओरिस्ट काळ आहे, म्हणजे हे एकदाच, कायमचे घडले’ हा दावा ऐकला की योहान २:२० पाहा. मंदिर बांधायला ४६ वर्षे लागली, तिथले क्रियापद अओरिस्टच आहे. हा काळ घटना संपूर्ण म्हणून मांडतो. ती किती वेळ चालली हे सांगत नाही. ख्रिस्ताचे अर्पण एकदाच झाले हे खरेच आहे, पण त्याचा आधार इब्री १०:१० मधला ‘एकदाच’ हा स्वतंत्र शब्द आहे.

प्नेव्हमा, म्हणजे आत्मा, व्याकरणात नपुंसकलिंगी आहे, म्हणून पवित्र आत्मा ही व्यक्ती नसून शक्ती आहे, असा युक्तिवाद होतो. मराठी माणसाने तर यात अडकूच नये. आपण ‘ते मूल’ म्हणतो, म्हणून मूल वस्तू होत नाही. याच्या विरुद्ध टोकाचीही चूक होते: योहान १६:१३ मध्ये पुल्लिंगी सर्वनाम आहे, म्हणून आत्म्याचे व्यक्तित्व सिद्ध झाले, असे म्हणतात. ते सर्वनाम पाराक्लेतोस (कैवारी) या पुल्लिंगी नामाशी जुळवलेले असू शकते. आत्मा शिकवतो, साक्ष देतो, खिन्न होतो, हे आधार जास्त पक्के आहेत.

स्ट्राँग क्रमांकाचा गैरवापर

स्ट्राँगची शब्दसूची १८९० ची, आणि ती किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरावर बेतलेली आहे. तिच्यात प्रत्येक मूळ शब्दाला एक क्रमांक दिला आहे. २६ क्रमांक म्हणजे अगापे, १४११ म्हणजे दुनामिस, इतपत ठीक. तो क्रमांक फक्त मूळ रूप देतो. वाक्यातला काळ, विभक्ती, वचन सांगत नाही. त्याखालची यादी म्हणजे त्या इंग्रजी भाषांतरात वेगवेगळ्या ठिकाणी वापरलेले शब्द. ती सगळी एका ओवीत ओतणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. जेम्स बार या अभ्यासकाने १९६१ मध्येच तिच्यावर बोट ठेवले होते.

क्रम असा ठेवा. आधी मराठीत पूर्ण अध्याय वाचा. मग ओवी ग्रीकसह उघडा. केंब्रिजच्या टिंडेल हाउसचे ‘स्टेप बायबल’ विनामूल्य आहे आणि शब्दावर बोट ठेवले की त्याचे रूपही दाखवते. त्यानंतर तो शब्द त्याच पुस्तकात कुठे येतो ते पाहा, मग त्याच लेखकाच्या इतर लिखाणात, मग उरलेल्या नव्या करारात, शेवटी सेप्टुआजिंटमध्ये. लोगोस (शब्द, वचन) नव्या करारात तीनशेहून जास्त वेळा येतो. अशा शब्दासाठी त्याच पुस्तकावर आणि त्याच लेखकावर भर द्या. ग्रीक लिपीत अक्षरे फक्त २४ आहेत, ती शिकून घ्या. इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार ठरवण्याची कटकट जाते. मूळ भाषेला भिडायला इंग्रजीचा वळसा घ्यावाच लागतो असे नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले आणि १९२२ मध्ये निधनापूर्वी ते पुरे केले.

नीट केले तर काय हाती येते

रोमकरांस ३:२५ मध्ये देवाने ख्रिस्ताला ‘प्रायश्चित्त’ म्हणून पुढे ठेवले, असे आपण वाचतो. मूळ शब्द हिलास्तेरिओन. नव्या करारात तो दोनदाच येतो. दुसरे ठिकाण इब्री ९:५, आणि तिथे मराठी बायबल म्हणते ‘दयासन’. सेप्टुआजिंटमध्ये निर्गम २५:१७ पासून कराराच्या कोशावरच्या झाकणाला हेच नाव आहे. परमपवित्र स्थानात पडद्याआड असलेल्या त्या झाकणावर प्रमुख याजक वर्षातून एकदा रक्त शिंपडत असे (लेवीय १६), आणि तिथेच देव भेटत असे. मराठीत दोन वेगळे शब्द असल्याने हा धागा दिसत नाही. ग्रीकमध्ये तो समोर येतो. पडद्यामागे जे होते ते देवाने उघड्यावर, सर्वांपुढे ठेवले.

इथेही हात आखडता ठेवा. हिलास्तेरिओन म्हणजे दयासन की प्रायश्चित्ताचे अर्पण, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘पुढे ठेवले’ हे क्रियापद पौल रोमकरांस १:१३ मध्ये ‘बेत केला’ या अर्थीही वापरतो. म्हणून शिकवताना ‘पौल बहुधा दयासनाकडे बोट दाखवतो आहे’ असे म्हणा.

भाषांतरे जुळत नसतील तर

दर वेळी भाषांतरकाराची निवडच कारण असते असे नाही. मार्क १:४१ मध्ये कुष्ठरोग्याला पाहून येशूला कळवळा आला, असे बहुतेक हस्तलिखिते सांगतात. बेझा या प्राचीन हस्तलिखितात मात्र ‘रागावून’ असा शब्द आहे, आणि काही नवी इंग्रजी भाषांतरे तो स्वीकारतात. अशा ठिकाणी शब्दकोश कितीही चाळला तरी गुंता सुटत नाही. तळटीप वाचा. शब्दाचा अभ्यास करायचाच असेल, तर मत्तय ९:३६, लूक ७:१३ किंवा लूक १५:२० घ्या. कळवळ्याचे तेच क्रियापद तिथे वाद नसलेल्या मजकुरात आहे.