कापडी पाकीट घरी शिवताय? या चुका टाळा

"ताई, पाकीट झकास झालंय, पण मिटत नाही गं."

मी शिवलेलं पहिलं पाकीट राखीपौर्णिमेला भावाला दिलं, त्यावरचा हा अभिप्राय. बाहेरून काळ्या-लाल खणाचं कापड, आत टू बाय टूचं (ब्लाऊजच्या पातळ कापडाचं) अस्तर, टीप सरळ, कोपरे टोकदार. पण टेबलावर ठेवलं की आ वासून बसायचं. दाबून मिटवलं तर आतल्या कापडाला मधोमध झोळ यायचा आणि कार्डं वर सरकायची.

ब्लाऊज शिवता येतो म्हणजे पाकीट काय, चुटकीसरशी होईल, असं मलाही वाटलं होतं. ब्लाऊजला बहुतेक ठिकाणी दोन-तीन थर असतात, त्यामुळे कापडाच्या जाडीचा हिशोब कधी करावाच लागत नाही. पाकिटात मात्र सगळी फजिती जाडीनेच होते. कागदावर बरोबर आलेलं माप कापडावर चुकतं ते यामुळेच.

आधी माप. आपली ५०० ची नोट १५० × ६६ मिलिमीटर आहे, १०० ची १४२ × ६६. बँकेचं कार्ड ८५.६ × ५४ मिलिमीटर, आणि आधारचं प्लास्टिकचं कार्डही तेवढंच. घरातलं जुनं पाकीट उसवून त्यावरून कागद कापायचा असेल तर एक लक्षात घ्या, पूर्वीची १०० ची नोट १५७ × ७३ होती, त्यामुळे तो साचा आता विनाकारण मोठा पडेल. आणि माप घेताना वस्तूचं माप म्हणजे पाकिटाचं माप असं धरू नका. शिलाईची माया (टीपेबाहेर सोडलेलं कापड) गेली, सुलट बाजू आत ठेवून शिवलेलं पाकीट उलटवल्यावर कडेच्या दुमडीत एक-दोन मिलिमीटर गेले, वरून पुन्हा कडेची टीप मारली की आणखी अर्धा सेंटिमीटर गेला. कप्प्याची रुंदी मोजायची ती टीपेपासून टीपेपर्यंत, कापडाच्या कडेपासून नव्हे.

मी आता वापरते ते माप देते. बाहेरचा तुकडा आणि त्याचं अस्तर २३ × ११.५ सेंटिमीटर. सगळीकडे १ सेंटिमीटर माया, म्हणजे तयार पाकीट उघडं असताना २१ × ९.५. आतली कार्डांची पट्टी मात्र २२.६ रुंद आणि ३०.५ लांब, आणि तिच्यामागचा तुकडा २२.६ × १०.५. हे २२.६ छापताना चुकलेलं नाही. भावाच्या पाकिटाचं दुखणं तिथेच होतं. जूनमध्ये मुलांच्या वह्यांना कव्हर घालताना वही उघडी ठेवून कव्हर ताणून बसवलं तर वही मिटत नाही, कारण मिटताना बाहेरच्या बाजूला जास्त अंतर जावं लागतं. पाकिटाचंही तसंच. आतली बाजू चार मिलिमीटर आखूड ठेवायची आणि कडा जुळवून टाचायची. सपाट ठेवल्यावर पाकीट किंचित वाकडं दिसेल, ते इस्त्रीने सरळ करायला जाऊ नका.

खणाचं कापड गुळेदगुड्डच्या हातमागाचं असो की बाजारातलं आर्ट सिल्कचं, कापल्याबरोबर त्याचे धागे सुटायला लागतात. १ सेंटिमीटरची माया बघता बघता अर्ध्यावर येते. म्हणून आधी कापडाच्या मोठ्या तुकड्याला मागून चिकटवायचा पातळ बकरम (कापड ताठ ठेवणारा थर) लावा आणि मग पाकिटाचा तुकडा कापा. पण याचा एक तोटा असा, की मायेतही बकरम राहतो आणि कड जाड होते. सुती कापड असेल तर उलटं करा: आधी तुकडा कापा आणि बकरम चारी बाजूंनी १ सेंटिमीटर कमी ठेवा. कॉलरचा कडक बकरम तर पाकिटाला लावूच नका. दुमडीवर तो मोडतो आणि तिथे कायमची पांढरी रेघ पडते.

बकरमाला फुगे येतात, ते आपण ब्लाऊजला करतो तशी इस्त्री फिरवल्यामुळे. इथे इस्त्री फिरवायची नाही. एका जागी दहा-पंधरा सेकंद दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. मध्ये ओलसर सुती फडकं ठेवा, आणि कापड गार होईपर्यंत हलवू नका. आर्ट सिल्कच्या खणावर आधी चिंधीवर करून बघा, गरम इस्त्रीने ते आक्रसतं. तेव्हाच पांढरं फडकं ओलं करून त्या चिंधीवर चोळून घ्या. रंग फडक्यावर उतरला तर तो उद्या नोटांवर आणि शर्टाच्या खिशावरही उतरणार. सुती कापड असेल तर कापण्याआधी एकदा पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात बाहेरचं कापड आटतं आणि अस्तर लोंबतं.

कार्डांचे कप्पे

३०.५ ची ती लांब पट्टी चुण्यांसारखी दुमडून एकामागे एक दोन कप्पे होतात. १ सेंटिमीटर माया सोडा, मग वरून खाली ७ सेंटिमीटर, वर ५, खाली ६.५, वर ५, खाली ५, शेवटी पुन्हा १ माया. प्रत्येक दुमड इस्त्रीने मोडून घ्या. कप्पा कार्डाएवढा खोल करणं ही हमखास होणारी चूक. कार्ड ५.४ उंच, कप्पा ५.५ खोल केला की कार्ड आत गडप. दुकानात रांगेत उभं राहून नखाने कार्ड उकरण्याचा अनुभव मी घेतला आहे. ५ खोल ठेवा, थोडं कार्ड वर दिसू द्या. दुसरी चूक, मागच्या कप्प्याला तळ न देणं. सुटे तुकडे लावून कप्पे करत असाल तर मागच्या तुकड्याची खालची कड टीप मारून बसवा, नाहीतर मागचं कार्ड घसरत पाकिटाच्या तळाशी जातं.

मधली टीप एकच मारू नका. एक सेंटिमीटर अंतरावर दोन मारा, म्हणजे घडीवर कार्ड येणार नाही आणि दोन्ही बाजूंना साधारण ९.३ चे कप्पे मिळतील. आणि या टिपा फक्त पट्टीवर मारायच्या, बाहेरच्या तुकड्याला जोडण्याआधी. मी एकदा सगळं जोडून झाल्यावर उत्साहात मधली टीप मारली. बाहेरून छान नक्षी दिसली आणि नोटांचा कप्पा मधोमध शिवला गेला. त्यात नोट घालायची तर चौघडी करूनच.

मशीन टीप सोडतं तेव्हा

आता थर मोजा. बाजूच्या कडेला, खालून तीन सेंटिमीटरवर, चुण्यांच्या पट्टीचे ५ थर आणि मागचा १, झाले ६. उलटवल्यावर माया दुमडून ते १२. बाहेरचं कापड आणि अस्तर मायेसकट ४. एकूण १६ थर, वर बकरम. घरचं मशीन इथे कुरकुरणारच. सुई मोडते, टाके सुटतात, आणि आपण मशीनवाल्याला फोन लावतो.

आधी थर कमी करा. पट्टीला जाड कापड घेऊ नका, टू बाय टू पुरतं. जोडणीची टीप झाली की माया ३-४ मिलिमीटरवर कापा, सगळे थर एकसारखे नाही, एकेक पायरीसारखे. कोपरे तिरपे छाटा, पण टीपेपासून दोन मिलिमीटर लांब. उलटवायला जागा ठेवायची ती खालच्या लांब बाजूच्या मधे, सात-आठ सेंटिमीटर, आणि तिच्या दोन्ही टोकांना उलटी टीप. कोपऱ्याला जागा ठेवली की तो कोपरा नीट येत नाही. कोपरा बाहेर काढायला विणकामाची जाड सुई घ्या. कात्रीचं टोक घातलंत तर ते आरपार बाहेर येतं, हे लिहिताना मला माझा एक जांभळा खण आठवतो आहे.

मग कडेची टीप ५ मिलिमीटर आत मारली की ती कापलेल्या मायेच्या आतून जाते आणि सुईखाली १६ ऐवजी ८ थर येतात. तरी जाड वाटलं तर कड खलबत्त्यातल्या बत्त्याने कापड वर ठेवून ठोका. जीन्स आखूड करतानाही हाच उपाय. १६ नंबरची सुई लावा, टाका मोठा करा, पायाने मशीन चालवणं सोडून हाताने चाक फिरवा. जाड भागावर चढताना मशीनचा दाबपाय (सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) मागे कलतो आणि टाके बारीक होऊन एकाच जागी साठतात. दाबपायाच्या मागे तेवढ्याच जाडीची घडी केलेली चिंधी सरकवा, पाय सपाट बसतो.

टीप वरून सुरेख आणि खाली दोऱ्याचं जाळं, असं झालं की बहुतेक जणी बॉबिनचा (खालच्या दोऱ्याच्या रिळाचा) स्क्रू पिळायला घेतात. तो स्क्रू सोडा. खाली जाळं म्हणजे बहुधा वरच्या दोऱ्याचं दुखणं. दाबपाय खाली असताना दोरा ओवला तर तो दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नाही. पाय वर करा, दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा, आणि पहिले दोन-तीन टाके मारताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा. तरी टाके सुटत असतील तर सुई बदला. कित्येकांच्या मशीनला दिवाळीत लावलेली सुई पुढच्या दिवाळीपर्यंत असते.

टिचबटण

खालचा अर्धा भाग बाहेरच्या तुकड्यावर, अस्तर जोडण्याआधी लावायचा, आणि आतून त्याच्यामागे बकरमाचा छोटा तुकडा किंवा दुहेरी चिंधी ठेवायची. नुसत्या खणाला लावलं तर महिन्याभरात बटण कापड फाडून हातात येतं. वरचा भाग पाकीट बंद करणाऱ्या छोट्या पट्टीच्या टोकाला, पण तो अगदी शेवटी. पाकिटात चार कार्डं आणि पाच-सहा नोटा घाला, मिटवा, पट्टी वळवून आणा आणि जिथे पोचते तिथे खडूने खूण करा. रिकाम्या पाकिटावर खूण केली तर भरल्यावर बटण लागत नाही. भावाला दुसरं पाकीट दिलं त्याचं नेमकं तेच झालं. मिटतं छान, पण तो वरून रबरबँड लावतो.