मलेरिया आणि कॅल्शियम सिग्नलिंग: पीएचडीला घ्यायच्या आधी वाचा

नेट-जेआरएफ निघाली, लॅबही मलेरियाची मिळतेय, पण गाईड म्हणतायत कॅल्शियम सिग्नलिंग (कॅल्शियम वाढल्याच्या इशाऱ्यावर पेशीतली कामं कशी सुरू होतात ते) कर, घेऊ का? असे मेसेज ॲडमिशनच्या सीझनला हमखास येतात म्हणून एकदाच लिहून टाकते. मी स्वतः दिल्लीत याच विषयात पीएचडी केलीये.

पहिलं म्हणजे औषध कॅल्शियमवर चालवायचं नसतं. कॅल्शियम आपल्या पेशींनाही लागतं, तेच अडवलं तर परजीवीच्या आधी पेशंट जायचा. टार्गेट आहे ते परजीवीत कॅल्शियम वाढलं की जागी होणारी एन्झाइम्स, त्यातही मुख्य सीडीपीके नावाच्या कायनेझ (दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट लावून त्यांचं काम चालू-बंद करणारी एन्झाइम्स). या कायनेझ वनस्पतींत सापडतात, प्लास्मोडियममध्ये (मलेरियाच्या परजीवीत) सापडतात, माणसात नाहीत, सगळा खेळ इथेच आहे. सीडीपीके-५ काढून घेतलं तर मेरोझोइट (पुढच्या लाल पेशींत शिरणारी परजीवीची पिल्लं) तयार होऊनही लाल पेशीतच अडकून पडतात. आणि सीडीपीके-४ तर माझं लाडकं. डासाच्या पोटात गेल्यावर तापमान उतरतं, डासातलं झँथुरेनिक ॲसिड मिळतं, कॅल्शियम वाढतं, सीडीपीके-४ जागं होतं आणि नर गॅमेटोसाइट (परजीवीची लैंगिक अवस्था) १०-१५ मिनिटांत ८ वळवळणारे गॅमेट (शुक्रपेशीसारख्या पेशी) बाहेर टाकतो. लॅब कुठलीही घ्या, हे मायक्रोस्कोपखाली एकदा बघाच! हे एन्झाइम अडवलं तर पेशंटचा ताप उतरणार नाही, पण डासामार्फत पुढचा प्रसार थांबेल.

आता सावध करते. सीडीपीके-१ शिवाय परजीवी जगूच शकत नाही असं बरीच वर्षं धरून चाललेले लोक, मग २०१८ मध्ये दाखवलं गेलं की ते जीन काढूनही फॅल्सिपेरम (सगळ्यात घातक मलेरियाचा परजीवी) रक्तात वाढतो, फक्त डासाला इन्फेक्ट करू शकत नाही. त्यामुळे इनहिबिटर (एन्झाइम अडवणारं रसायन) टाकला, परजीवी मेला, म्हणजे टार्गेट सिद्ध झालं असं समजू नका, कायनेझचे इनहिबिटर एकावर थांबत नाहीत. नॉकआउट (ते जीन काढलेला परजीवी) किंवा इनहिबिटरला दाद न देणारा म्युटंट हाताशी नसेल तर व्हायव्हामध्ये सोलून काढतात.

डायचंही तेच. फ्लुओ-४ (कॅल्शियम मिळालं की चमकणारा डाय) टाकलं की लाल पेशीसुद्धा चमकते, मग सिग्नल परजीवीचा की पेशीचा हे भांडण सुरू. जीसीएएमपीसारखा (कॅल्शियमने चमकणाऱ्या प्रथिनाचा) सेन्सर परजीवीच्याच जीनोममध्ये घातलेली लाइन (परजीवीचा वाण) लॅबमध्ये आहे का, हे इंटरव्ह्यूतच विचारा, लाजू नका. आणि कल्चरला (परजीवी लॅबमध्ये वाढवायला) माणसाचं रक्त नियमित कुठून येतं हेही विचारा, रक्त नाही तर काम नाही.

दिनक्रम परजीवी ठरवतो. लाल पेशीतलं चक्र ४८ तासांचं, ५ टक्के सॉर्बिटॉलने सिंक करून (सगळे परजीवी एकाच वयाचे करून) फक्त रिंग (परजीवीची कोवळी अवस्था) ठेवल्या की स्किझॉन्ट (फुटायच्या बेतातली पक्व अवस्था) कधी येणार ते तुमच्या सोयीने नाही ठरत, येतात ते पहाटे तीनलाही येतात आणि दिवाळीतही येतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. क्लोनिंगलाही वेळ धरा, जीनोम जवळपास ८० टक्के एटी (डीएनएच्या चारपैकी ए आणि टी ही दोनच अक्षरं) आहे, प्रायमर डिझाइन करतानाच घाम फुटतो.

नोकरीचं विचाराल तर "मलेरिया" शब्दावर फार जाहिराती निघत नाहीत. पण कायनेझ अ‍ॅसे, फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी मोजणं), लाइव्ह इमेजिंग (जिवंत पेशींचं चित्रण) येत असेल तर पुण्या-हैदराबादच्या सीआरओमध्ये (औषध कंपन्यांसाठी कंत्राटी संशोधन करणाऱ्या संस्थांमध्ये) उपयोग होतो, म्हणून पहिल्याच वर्षी यातलं निदान एक तरी नीट, स्वतःच्या हाताने शिकून घ्या, सिनियरकडून करून घेऊ नका.