जलसंपदा शिकताना प्रा. व्हेन ते चाऊ

जलसंपदा विषय घेणाऱ्याला प्रा. चाऊ पहिल्या सत्रातच भेटतात, पण बहुधा नुसत्या सूत्रापुरते. जन्म १९१९, चीनमधलं हांगझौ; १९५० मध्ये इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी., आणि १९८१ मध्ये निधन होईपर्यंत तिथेच अध्यापन. त्यांचं खरं देणं म्हणजे पसारा आवरण्याची ताकद. पूरविश्लेषणाच्या वेगवेगळ्या पद्धती त्यांनी १९५१ मध्ये एका ओळीत बसवल्या: अपेक्षित पूर = सरासरी + वारंवारता गुणक (पूर किती वर्षांतून एकदा येणारा धरला आहे, त्यावरून ठरणारा आकडा) × प्रमाण विचलन.

ओळ सोपी आहे, चुका गुणकात होतात. समजा ३० वर्षांच्या कमाल विसर्गांची सरासरी १२०० क्युमेक (सेकंदाला घनमीटर) आणि प्रमाण विचलन ४०० आहे. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी गुम्बेल पद्धतीने (कमाल मूल्यांसाठीच्या संभाव्यता वितरणाने) अनंत नोंदी धरल्या तर गुणक ३.१४, म्हणजे सुमारे २४५५ क्युमेक. नोंदी ३० च आहेत हे लक्षात घेतलं की गुणक ३.६५ होतो आणि पूर २६६१ वर जातो. दोनशे क्युमेकचा हा फरक सांडव्याच्या रुंदीत दिसतो. काही विद्यार्थी ४.६० हे लघुकृत चल (ज्यावरून पुढे गुणक काढायचा असतो, तो मधला आकडा) थेट गुणक म्हणून वापरतात. मग उत्तर ३०४० येतं.

त्याआधी आकडे तपासा. आपल्याकडे जलवर्ष १ जून ते ३१ मे असं धरतात. प्रत्येक जलवर्षातला एकच कमाल विसर्ग घ्यायचा. वरच्या बाजूला धरण झालं असेल, तर आधीच्या आणि नंतरच्या नोंदी एकत्र करू नका. कोयना धरणापूर्वीचा आणि नंतरचा कराडचा पूर एकाच मालिकेत घातला, तर सूत्र निमूटपणे उत्तर देईल, पण त्याला अर्थ नसेल.

त्यांच्या १९५९ च्या मुक्त प्रवाहावरच्या (नदी-कालव्यासारख्या उघड्या पात्रातल्या) ग्रंथातलं मॅनिंग गुणांकाचं, म्हणजे पात्राच्या खडबडीतपणाच्या आकड्याचं, कोष्टक सगळेच वापरतात. सोबतची नदीपात्रांची छायाचित्रं मात्र फार थोडे बघतात. आमच्या मते नवख्याने सुरुवात तिथूनच करावी. स्वच्छ, सरळ नैसर्गिक पात्राला ०.०३०, वळणं, डोह, थोडं गवत आणि दगडगोटे असतील तर ०.०४५. खोली आणि उतार तेच ठेवून एवढा बदल केला की विसर्ग दोन-तृतीयांशावर येतो. म्हणून पाहणीला जाताना पात्राचे फोटो पावसाळ्याआधी आणि नंतर, एकाच जागेवरून काढा. मे महिन्यातलं कोरडं पात्र पाहून ठरवलेला गुणांक ऑगस्टमध्ये झाडोरा माजल्यावर कमी पडतो.