जुन्या आयरिश शेतघराला सिमेंट लावण्याआधी: या चुका टाळा

आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत बंद पडलेलं शेतघर घ्यावं आणि राहण्याजोगं करावं, असा विचार सध्या बरेच जण करताहेत. इथल्या हॉस्पिटलांत आणि आयटी कंपन्यांत नोकरी करणारी आपली मराठी मंडळीही त्यात आहेत. शहरातलं घर आवाक्यात राहिलेलं नाही, आणि सरकारी अनुदानही आहे: दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ रिकाम्या असलेल्या घराच्या दुरुस्तीला ५० हजार युरोपर्यंत, पार मोडकळीला आलं असेल तर ७० हजारांपर्यंत. अनुदानाच्या भरवशावर कंत्राटदार येतो आणि त्याच्यामागून सिमेंटची पोती. दीडशे वर्षं पाऊस झेलून कोरडं राहिलेलं घर मग दुरुस्तीनंतर ओल धरायला लागतं. या घरांची पडझड होते ती दुर्लक्षामुळे, हे खरं. पण हौसेने केलेल्या चुकीच्या दुरुस्तीने त्यांचं जे होतं ते परत निस्तरणं जास्त महाग पडतं.

ओल कुठून येते हे न बघता उपाय करणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून आधी घेतो.

या घरांच्या भिंती साधारण दोन फूट जाड असतात. आतून आणि बाहेरून अनघड दगड, मध्ये बारीक दगडमातीची भर, आणि सांध्यांत चुना किंवा नुसती माती. पूर्व आणि आग्नेय भागात, विशेषतः वेक्सफर्ड काउंटीत, अख्ख्या मातीच्या भिंतीही सापडतात. ओल अडवणारा थर पायाशी कुठेच नसतो आणि त्याची गरजही नसते. पावसात भिंत थोडी भिजते, वारा लागला की चुन्याच्या गिलाव्यातून वाळते. वर्षाला एक हात चुना मारला की झालं.

याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. पाणी भेगांतून आत जातं, बाहेर यायला मात्र वाट नसते. दगडी भिंत आतल्या बाजूला ओली होते आणि रंग पोपडे धरतो. मातीची भिंत असेल तर प्रकरण गंभीर: तळाशी माती मऊ होत जाते, बाहेरून सिमेंटचं कवच ठणठणीत दिसतं, आणि एके दिवशी भिंतीचा मोठा तुकडा खाली येतो.

ओल दिसली की ओल थांबवणारं रसायन भिंतीत टोचून देणारी माणसं येतात. मध्ये पोकळ्या आणि भर असलेल्या भिंतीत ते रसायन सलग थर धरत नाही. पैसे जातात, ओल राहते. त्याआधी डाग कुठे आहे ते बघा. जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत असेल तर बाहेर जा आणि अंगण जोत्याच्या वर चढलंय का ते पाहा. पिढ्यान् पिढ्या शेण, मुरूम, मग काँक्रीटची पायवाट असं करत बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा फूटभर उंच झालेली असते. डाग छताजवळ असेल तर पन्हळ तुंबलीय किंवा मुळात नाहीच. धुराड्याच्या भिंतीवरचा पिवळट तपकिरी डाग बहुधा काजळीतल्या क्षारांचा असतो, तो रंगाखाली दबत नाही. आणि नवीन काँक्रीटची फरशी टाकल्यानंतरच डाग आला असेल तर दोष फरशीखालच्या प्लॅस्टिकचा: पूर्वी दगडी फरशीच्या सांध्यांतून निघून जाणारी ओल आता कडेच्या भिंतींत घुसते.

उपाय क्रमाने करा. आधी पन्हळ, मग अंगणाची जादा माती काढणं, मग भिंतीलगत खडीची चरी. चरी खणताना एक जपा: या घरांना आपण समजतो तसा पाया नसतो, थोड्याशा खोलीवर मोठाले दगड मांडलेले असतात. जेसीबीने त्यांच्याखाली खणलंत तर भिंत बसेल. एवढं झाल्यावर थांबा. दोन फुटी भिंत पुरती सुकायला वर्ष सहज लागतं, कधी दोन. या काळात आतून प्लॅस्टरबोर्ड ठोकून डाग झाकला की पुढे काय बिघडतंय ते दिसणारच नाही.

सिमेंट काढतानाही घाई नको. दगडावर ते घट्ट बसलं असेल तर ठोकून काढताना दगडाचा पापुद्रा निघतो; मातीच्या भिंतीवर तर जाणकार गवंड्याशिवाय हात लावू नये. कोपऱ्यात हातभर जागा काढून पाहावी आणि मग ठरवावं.

चुन्यातही फसगत होते. पोत्यावरचे २, ३.५ आणि ५ हे आकडे पकड किती कडक ते सांगतात, आणि ‘जास्त आकडा म्हणजे चांगला माल’ असं समजून लोक ५ नंबर घेतात. मऊ भिंतीला तो फार कडक पडतो. तापमान ५ अंशांच्या खाली गेलं की चुन्याचं काम बंद ठेवायचं, आणि ताज्या गिलाव्याला दंव लागलं तर तो भुगा होऊन गळतो. म्हणजे काम एप्रिल ते सप्टेंबरमध्येच, आणि उन्हावाऱ्यात ओलं गोणपाट लावून. घाण्यात मळलेल्या चुन्यावर उभे असलेले वाडे पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये, पण इथे आल्यावर आपलेही लोक ‘चुना म्हणजे जुनाट’ म्हणतात!

याचीच दुसरी बाजू म्हणजे गिलावा खरवडून दगड उघडे करणं. पबमध्ये आणि पर्यटनाच्या चित्रांत ते दिसतं, म्हणून घरीही हवं असतं. मुळात ही घरं गिलावा करून चुन्याने पांढरी केलेलीच असायची. अनघड दगड उघडा राहण्यासाठी रचलेला नव्हता. अटलांटिककडून आडवा पाऊस येणाऱ्या मेयो किंवा डोनेगलमध्ये उघड्या दगडांचे सांधे सिमेंटने भरले की आतली खोली कायमची ओली.

पत्र्याखाली काय आहे हे न पाहता छप्पर उतरवणं

गंजलेल्या पत्र्याचं छप्पर दिसलं की पहिला विचार ते काढून टाकण्याचा. जरा थांबा. विसाव्या शतकात बऱ्याच घरांत नवी शाकारणी परवडेनाशी झाली, तेव्हा जुन्या गवतावरच पत्रा ठोकला गेला. त्या पत्र्याने खालचं सगळं जपून ठेवलंय. माळ्यावर टॉर्च घेऊन चढा: वरून खाली पेंढ्याचे एकावर एक थर, त्याखाली मुळांसकट कापलेले गवताळ मातीचे पट्टे, त्याखाली वासे. लाकूड दुर्मीळ होतं, म्हणून कित्येक ठिकाणी दलदलीतून उकरून काढलेली हजारो वर्षांपूर्वीची झाडं वाशांसाठी वापरलेली असतात. ती रंधलेली नसतात, जशी निघाली तशी वाकडीतिकडी. खालचे थर चुलीच्या धुराने काळेभोर झालेले. त्यात कोणतं धान्य पिकत होतं, कोणत्या रानगवताचं बी होतं, हे सगळं असतं. कंत्राटदाराच्या कचरापेटीत ते एका दुपारी जातं. फोटो काढा, काउंटी कौन्सिलच्या हेरिटेज ऑफिसरला कळवा, आणि शक्य असेल तर पत्राच दुरुस्त करून वापरा. पत्र्याचंही आता वय झालंय, तोही इतिहासच आहे.

राखाडी, एकसारख्या, पातळ पाट्यांचं छप्पर असेल तर त्यात अॅस्बेस्टस असू शकतं. फोडू नका, आधी तपासणी.

गवती छप्पर परत करायचं असेल तर त्या भागाची पद्धत पाहा. वाऱ्याच्या पश्चिम किनाऱ्यावर छपरावरून दोर टाकून ते भिंतीतल्या खुंट्यांना बांधतात. किनाऱ्यापासून दूर, इतरत्र हेझल किंवा विलोच्या काड्या वाकवून पेंढा टाचतात. डोनेगलच्या दोरबांध्या घरावर जाडजूड पाणगवताचं, नक्षीदार आढ्याचं छप्पर म्हणजे उसनी टोपी. विम्याची चौकशी घर घेण्याआधीच करा, कारण गवती छपराचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत. आणि जुन्या धुराड्यात बंद शेगडी बसवताना आतून नळी घालून घ्या. उघड्या चुलीपेक्षा शेगडीचा धूर धुराड्याला जास्त तापवतो, आणि गवत धुराड्याला टेकलेलं असतं.

घरातली ‘निरुपयोगी’ भिंत पाडणं

दारातून शिरल्यावर समोर चुलीच्या आडोशाला छोटी भिंत, तिला वीतभर खिडकी: पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या बऱ्याच घरांची ही खूण. दाराचा वारा चुलीवर येऊ नये म्हणून ती भिंत, आणि चुलीशी बसून कोण आलं ते दिसावं म्हणून ती खिडकी. पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे तसं नसतं, दार थेट स्वयंपाकघरात उघडतं. वायव्येकडे चुलीजवळ पलंगापुरता कोनाडा भिंतीबाहेर काढलेला असतो. ‘ओपन प्लॅन’च्या नादात आडोशाची भिंत किंवा कोनाडा गेला की घर कुठल्या भागातलं हेच कळेनासं होतं. शिवाय चुलीमागची भिंत बहुधा छपराचं वजन घेऊन उभी असते. इंजिनिअरला न विचारता तिला हात लावू नका.

ही घरं एका खोलीएवढीच खोल असतात, वाढतात ती लांबीत. जागा वाढवायची तर मागे, बसक्या जोडाने वाढवा. पश्चिमेला घर वाढवू नये असा जुना समज आहे. पावसाची बाजू तीच, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं.

खिडक्यांबद्दल थोडक्यात: जुनं लाकूड चिवट असतं. खालची चौकट कुजली असेल तर तेवढीच बदला, पीव्हीसी नको. उबेसाठी आधी माळ्यावर उष्णता अडवणारा थर भरा. भिंतींना बाहेरून थर्माकोल गुंडाळणं म्हणजे सिमेंटचीच चूक वेगळ्या वेषात. लाकडाच्या तंतूंचे फलक किंवा भांगेच्या झाडाच्या काड्या आणि चुना यांचा थर ओल बाहेर जाऊ देतो. जुन्या इमारतींच्या ऊर्जाबचतीवर सरकारने २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढलीय, ती कंत्राटदाराच्या हातात द्या.

घराच्या वयाबद्दल ऐकीव गोष्टीवर विसंबणं

विकणारा सांगतो, घर ३०० वर्षांचं आहे. असेलही, पण बहुतेक वेळा ते अठराव्या शतकाच्या शेवटचं किंवा एकोणिसाव्यातलं निघतं. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांवर होती आणि चौथ्या वर्गाची म्हणजे एका खोलीची मातीची झोपडी असलेली घरं सुमारे ४ लाख ९१ हजार. बटाट्याचं पीक बुडून पडलेल्या मोठ्या दुष्काळानंतर, १८५१ मध्ये, ती १ लाख ३५ हजारांवर आली. सगळ्यात गरिबांची घरं माणसांबरोबरच गेली. आज उभं आहे ते त्यातून तगलेल्या कुळांचं.

१९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दफ्तर जळालं, त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे जवळपास सगळे कागद गेले. म्हणून १८४७ ते १८६४ दरम्यानचं ग्रिफिथचं मूल्यांकन, म्हणजे करासाठी केलेली जमिनी आणि घरांची नोंद, महत्त्वाचं. तिथे एक चूक हमखास होते: जमीनमालकाच्या रकान्यातलं नाव वाचून ‘हे अमुक साहेबाचं घर’ असं ठरवतात. घरात राहायचं ते कूळ, त्याचं नाव शेजारच्या रकान्यात. कुळं मोठ्या प्रमाणात मालक झाली ती पुढे, मुख्यतः १९०३ च्या जमीन कायद्यानंतर.

१९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे अर्ज नॅशनल अर्काइव्ह्जने फुकट ऑनलाइन ठेवलेत. कुटुंबाची नावं पाहून थांबू नका, बी १ हा घराचा अर्ज उघडा. भिंत दगड, वीट किंवा काँक्रीटची असेल तर १, मातीची किंवा लाकडाची असेल तर ०. छप्पर स्लेट, कौल किंवा लोखंडाचं असेल तर १, गवताचं असेल तर ०. १९०१ मध्ये ० आणि १९११ मध्ये १ असेल तर त्या दहा वर्षांत शाकारणी गेली. पण १ म्हणजे स्लेटच असं नाही, पत्र्यालाही १ च मिळे. बी २ अर्जात गोठा, तबेला, डुकरांचं खुराडं किती ते असतं. परसातल्या पडक्या भिंती कशाच्या होत्या ते त्यावरून जुळवता येतं.

आणि मालकीचा कागद. काही घरं अजून वारलेल्या काकाच्या नावावरच असतात. आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबांचं नाव राहावं तसंच. मालकी सिद्ध झाल्याशिवाय अनुदान नाही.

मंजुरीआधी काम सुरू करणं

घर संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे का ते काउंटी कौन्सिलकडे पाहा. असेल तर संरक्षण आतल्या भागालाही असतं, आणि आवारातल्या गोठ्यांनाही. कोणतं काम परवानगीशिवाय चालेल हे कौन्सिलकडून लेखी मागता येतं. उत्तराला साधारण १२ आठवडे धरा. यादीत नसेल तरी कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरशी एकदा बोला, सल्ल्याला पैसे पडत नाहीत.

अनुदानाचा नियम सगळीकडे एकच: आधी मंजुरी, मग काम. हौसेने आधीच गिलावा काढलात तर तो खर्च तुमचा. शेतकऱ्यांसाठी गोठे आणि कोठारांच्या दुरुस्तीची वेगळी योजना हेरिटेज कौन्सिल चालवतं. मात्र ती राहत्या घराला लागू नाही.

वटवाघळं विसरू नका. आयर्लंडमध्ये ती सगळी कायद्याने संरक्षित आहेत आणि जुनं छप्पर त्यांचं आवडतं. त्यांची पाहणी उन्हाळ्यात होते, सापडली तर परवाना लागतो. चुन्याचा हंगामही उन्हाळ्याचाच. त्यामुळे पहिला उन्हाळा पाहणीत, कागदांत आणि पन्हळ साफ करण्यात जाईल असं धरून चाला, आणि गवंड्याला दुसऱ्या एप्रिलची तारीख आत्ताच देऊन ठेवा. चुन्याचं काम येणारे गवंडी थोडे आहेत.